क्लेमला के.टी. लागू देऊ नका!

आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कुठल्याही बाईकच्या मालकाला गाठा. सी.सी. किती, ॲव्हरेज किती, पिकअप कसा, सायलेन्सर कुठून बदलून घेतला... सगळं तोंडपाठ! आता त्यालाच विचारा की बाबा रे, गाडीचा इन्शुरन्स कधी संपतोय आणि मागे बसणारा त्यात धरलाय का? "पप्पांना माहीत असेल" एवढं बोलून साहेब मोकळे!

विषय कंटाळवाणा आहे, मान्य. पण २०२२ या एका वर्षात आपल्या देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हे आकडे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहेत. मेलेल्यांपैकी दर शंभरात सुमारे चव्वेचाळीस जण दुचाकीवरचे होते. म्हणजे आपल्यासारखेच. जे गेले त्यांच्यासाठी आपण मेणबत्त्या लावतो. पण जे वाचले त्या साडेचार लाखांचं पुढे काय होतं? ते आधी हॉस्पिटलच्या आणि मग विमा कंपनीच्या पायऱ्या चढतात. हाड तीन-चार महिन्यांत जुळतं, क्लेम जुळायला मात्र वर्षं जातात.

या दुसऱ्या प्रवासाबद्दल माझं एक ठाम मत आहे. विमा कंपनी ही आपली दुश्मन नाही आणि मायबापही नाही. ती समोरची पार्टी आहे. तिच्याशी भांडायचं नसतं, रडायचं तर मुळीच नसतं. तिच्याशी हिशेब करायचा असतो आणि त्यासाठी कागद लागतात. आपण इंजिनिअरिंगवाले चार वर्षं जर्नलं, फाईली आणि सह्यांच्या मागे धावतो. आपल्यालाही हे जमणार नसेल तर जमणार कोणाला?

पहिला, दुसरा, तिसरा

घोळ होतो तो मुळापासूनच. आपण सगळ्यालाच सरसकट 'क्लेम' म्हणतो. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला प्रकार म्हणजे आपली स्वतःची पॉलिसी. घरची मेडिक्लेम, वैयक्तिक अपघात विमा, किंवा फीच्या पावतीवर 'विमा' अशी बारीक अक्षरातली ओळ असते ती कॉलेजची ग्रुप पॉलिसी. इथे आपण कंपनीचे ग्राहक असतो. कंपनीने त्रास दिला तर आधी तिच्या तक्रार कक्षाला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

दुसरा प्रकार म्हणजे थर्ड पार्टी. कोणीतरी आपल्याला उडवलं आणि त्याच्या गाडीचा विमा आहे. तो पहिला पक्ष, त्याची कंपनी दुसरा आणि रस्त्यावर पडलेले आपण तिसरा! या कंपनीचे आपण ग्राहक नाही. त्यामुळे इथे लोकपालही नाही. इथे जायचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, वकिलांच्या भाषेत एम.ए.सी.टी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली तिथे अर्ज होतो.

हा फरक माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या दारात महिनोन् महिने उभे राहतात. तोवर मुदत सरत असते. आणि ही मुदत काही साधी नाही. कायद्यात झालेला बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि त्याने न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून फक्त सहा महिने दिले. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे. पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने! एक सेमिस्टर कसं जातं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

मांडीत रॉड आणि हातात पेन

आमच्या विंगमधल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. संध्याकाळी सायकलवरून मेसला निघाला होता. मागून आलेल्या पिकअप टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड तुटलं, आत रॉड घातला. आई-वडील परभणीकडचे, कोरडवाहू शेती. रात्रीच्या एस.टी.ने आले तेव्हा त्यांच्या हातात कपड्यांची एक पिशवी आणि उसने आणलेले पैसे होते.

दुसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक फळं घेऊन आला. सोबत गल्लीतला एक पुढारी. "काका, झालं ते झालं. पोरगं वाचलं, देवाची कृपा. वीस हजार ठेवा, केस-बिस नको. पोराला कॉलेज सोडून कोर्टाच्या चकरा कशाला?" वडिलांना हे बोलणं माणुसकीचं वाटलं. वाटणारच! अनोळखी शहरात प्रेमाने बोलणारा तो पहिलाच माणूस होता.

काही दिवसांनी विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर आला. तोही गोड बोलायचा. सायकलला मागे रिफ्लेक्टर होता का, कानात इअरफोन होता का, अंधार किती होता, असं सगळं विचारलं आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद पुढे केला. "इथे सही करा म्हणजे काम लवकर होईल." वडिलांनी पेन हातात घेतलंही होतं. बारावीला असलेली मित्राची बहीण तिथे बसली होती. तिने कागद मागून घेतला, हळूहळू वाचला आणि म्हणाली, "बाबा, यात लिहिलंय की दादा अचानक मधे वळला." मित्र तसं काही बोललाच नव्हता! सही झाली नाही. त्या पोरीला आमच्या अख्ख्या विंगतर्फे सलाम.

आज तो मित्र चालतो, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. रॉड काढायचं ऑपरेशन बाकी आहे. टर्म गेली, वर्ष गेलं. आमच्यासोबत फायनल इयरला असायचा तो आता थर्ड इयरला बसतो. केस चालू आहे. तिथे कंपनीने लेखी उत्तर दिलं आहे की अर्जदार विद्यार्थी आहे, तो काही कमवत नव्हता, सबब उत्पन्नाचं नुकसान शून्य!

शून्य? ज्याचं शिक्षण अजून चालू आहे त्याच्या पायाची किंमत शून्य? हे वाचल्यावर आमच्या विंगमध्ये त्या रात्री कोणाचाच अभ्यास झाला नाही.

शून्य नव्हे! गणित करून बघा

हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही, हे मुद्दाम समजून घ्या. भावनेने नाही, आकड्यांनी.

सुप्रीम कोर्टाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात एक मूलभूत गोष्ट सांगितली. डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि त्यामुळे कमावण्याच्या ताकदीवर झालेला परिणाम वेगळा. एकच बोट गेलं तर टायपिस्टचं नुकसान वेगळं, गायकाचं वेगळं. म्हणजे आमच्या मित्राच्या बाबतीत प्रश्न असा की साईटवर शिड्या चढणाऱ्या, मशीनखाली वाकणाऱ्या मेकॅनिकल इंजिनिअरला न वाकणारा गुडघा किती महागात पडेल? हे सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांत आपोआप येत नाही. ते पुराव्याने दाखवावं लागतं.

२००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिला. १५ ते २५ वयाला गुणक १८. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरवलं की पक्की नोकरी नसलेल्या चाळीशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. हा हिशेब मृत्यूच्या दाव्यांतला, पण कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतही तो धरतात. आता मांडा गणित. समजा विद्यार्थ्याचं संभाव्य उत्पन्न महिना २०,००० धरलं आणि कमाईवरचा परिणाम ३० टक्के:

२०,००० × १२ × १.४ × १८ × ०.३० = १८,१४,४०० रुपये.

हेच उत्पन्न १०,००० धरलं तर उत्तर ९,०७,२०० येतं. म्हणजे मार्कशीट, प्रोजेक्ट, इंटर्नशिपचं पत्र आणि आपल्या ब्रँचच्या प्लेसमेंटचे आकडे कोर्टापुढे ठेवले की नाही, एवढ्यावर नऊ लाख रुपये इकडचे तिकडे होऊ शकतात! आणि ही झाली फक्त कमाईच्या नुकसानीची रक्कम. औषधोपचाराचा खर्च, पुढची ऑपरेशन्स, वेदना, आयुष्यातल्या गेलेल्या सुखसोयी यांची भरपाई त्याशिवाय वेगळी.

हे नुसतं कागदावरचं नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे तामिळनाडूतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची केस होती. हायवेवर पुढच्या कारने कसलाही इशारा न देता एकदम ब्रेक मारला, त्याची बाईक कारवर आदळली, तो पडला आणि मागून आलेली बस पायावरून गेली. पाय कापावा लागला. कोर्टाने कारवाल्याची चूक ५० टक्के, बसची ३० टक्के आणि त्याची स्वतःची २० टक्के धरली. त्याचे २० टक्के वजा करूनही सुमारे ९१ लाखांची भरपाई दिली. विद्यार्थी होता म्हणून शून्य नाही आणि थोडी चूक होती म्हणूनही शून्य नाही. पण हे मिळायला अपघातापासून आठ वर्षं लागली, हेही विसरू नका.

कंपनीचंही ऐकू

एकतर्फी लिहिलं असं कोणी म्हणायला नको म्हणून दुसरी बाजूही सांगतो. खोटे दावे होतात, भरपूर होतात. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांचा सुळसुळाट इतका झाला की अलाहाबाद हायकोर्टाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्यात काही वकिलांवरही ठपका आला. कंपनी जे पैसे देते ते शेवटी आपल्याच सगळ्यांच्या प्रीमियममधून जातात. तेव्हा कंपनीने चौकशी करणं, प्रश्न विचारणं यात गैर काहीच नाही. इन्व्हेस्टिगेटर त्याचं काम करतो.

आक्षेप चौकशीला नाही. आक्षेप आहे तो समोरच्याच्या अडाणीपणावर आणि घाईवर नफा काढण्याला. इंग्रजी न येणाऱ्या बापापुढे इंग्रजी कागद ठेवणं ही चौकशी नव्हे. कायद्याच्या कलम १४९ नुसार अपघाताची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो, तपशिलासकट. हा प्रस्ताव गपचूप हॉस्पिटलच्या कॉटवर नाही, उघडपणे न्यायाधिकरणापुढे यायला हवा.

आणखी एक आवडता युक्तिवाद सांगतो. "तुम्हाला मेडिक्लेमचे पैसे मिळाले ना? मग हॉस्पिटलचा खर्च आम्ही कशाला द्यायचा?" ऐकायला बरोबर वाटतं. पण मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने निकाल दिला की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येणार नाही. मेडिक्लेमचे हप्ते जखमी माणसाने भरले, त्याच्या दूरदृष्टीचा फायदा उडवणाऱ्याच्या कंपनीला का द्यायचा? साधा न्याय आहे.

आपली फाईल

मग करायचं काय? ही यादी झेरॉक्स काढून खोलीच्या दारामागे चिकटवा.

१) पोलिसात नोंद झालीच पाहिजे. "नंतर बघू" नको. एफ.आय.आर. उशिरा झाला म्हणून दावा लगेच मरत नाही, पण कंपनीच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

२) हॉस्पिटलमध्ये 'रस्ता अपघात' असंच नोंदवा. "बाथरूममध्ये पडला म्हणा, पोलिसांची कटकट नको" असं सांगणारे शहाणे प्रत्येक हॉस्पिटलबाहेर भेटतात. पहिल्या केसपेपरवरचं हे एक वाक्य पुढे तुमचा दावा बुडवू शकतं.

३) गाडीचा नंबर, जागेचे फोटो आणि साक्षीदाराचा फोन नंबर पहिल्याच दिवशी घ्या. ट्रॅफिक हलला की पुरावाही हलतो.

४) बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, रिक्षाचं भाडं सगळं तारखेनुसार लावा. ओरिजिनल कोणाच्या हातात दिलं तर पोच घ्या आणि झेरॉक्स ठेवा.

५) कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही नाही. 'संपूर्ण व अंतिम' किंवा 'फुल अँड फायनल' असे शब्द दिसले की पेन खाली. उपचार संपलेले नसताना हिशेब अंतिम होईलच कसा?

६) घरच्या गावापासून कॉलेज लांब असेल तरी घाबरू नका. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणी करता येतो, तसाच अर्जदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

७) लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, पण वरचं गणित आधी मांडा. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं.

८) गंभीर दुखापत असेल तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली अडीच लाख मागता येतात. उडवून पळून गेलेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. शिवाय मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस आहेत. ॲडमिट करतानाच विचारा.

आणि आपलं काय?

कंपन्यांना नावं ठेवून झालं, आता जरा आपल्या पार्किंगकडे वळू. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षं निश्चिंती! मग दादा ती बाईक धाकट्याला देतो, धाकटा ती घेऊन हॉस्टेलला येतो आणि पाच वर्षं कधीच उलटून गेलेली असतात. अशा गाडीने कोणाला लागलं तर भरपाई कंपनी देणार नाही. ती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या, म्हणजे बहुधा पप्पांच्या खिशातून जाणार. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार दीडशे सी.सी.पर्यंतच्या बाईकचा हा विमा वर्षाला ७१४ रुपये अधिक कर. आपलं एका वीकेंडचं हॉटेलचं बिल यापेक्षा जास्त होतं.

दुसरं, मागे बसणारा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तो धरलेला नसतो, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितलं आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर तो येतो. म्हणजे मित्राला "चल, सोडतो स्टेशनला" म्हणताना आपण त्याला कशावर बसवतोय ते पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही.

तिसरं, मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. नावातच आलं, तो मालकासाठी आहे. गाडी पप्पांच्या नावावर आणि चालवणारे आपण, तर आपल्याला त्याचा उपयोग नाही. आणि लायसन्सच नसेल तर? समोरच्या जखमीला कंपनी बहुधा पैसे देते आणि मग गाडीमालकाकडून वसूल करते. २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हा रस्ता मोकळा आहे. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच, पण तुमच्या घरी येणारी नोटीस कल्पून बघा.

जिमखान्याला एक विनंती

गॅदरिंगला आपण लाखभर रुपयांची साऊंड सिस्टीम आणतो. त्याच स्टुडंट कौन्सिलने तीन गोष्टी कराव्यात, यातल्या एकीलाही पैसे लागत नाहीत. कॉलेजच्या ग्रुप पॉलिसीची प्रत नोटीस बोर्डवर लावा. कंपनी कोणती, रक्कम किती, किती दिवसांत कळवायचं, हे फी भरणाऱ्याला माहीत असायलाच हवं. जखमी विद्यार्थ्याला बोनाफाईड, हजेरीचा दाखला आणि प्लेसमेंटचे आकडे एका दिवसात मिळतील अशी सोय ऑफिसमध्ये करा. आजच्या घडीला प्लास्टर घातलेल्या मुलाच्या बापाला "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" असं ऐकावं लागतं. आणि एन.एस.एस.ने शहरातल्या लॉ कॉलेजशी बोलून महिन्यातून एक दुपार मार्गदर्शन ठेवावं. त्यांच्या मुलांना प्रॅक्टिस, आपल्या मुलांना आधार.

अपघात टाळता आला तर उत्तमच. हेल्मेट घाला, ट्रिपल सीट फिरू नका, हे सांगणारे बोर्ड आहेतच. पण टाळता आला नाही, तर पडलेला पोरगा आणि गांगरलेले आई-वडील यांच्याजवळ निदान एक माणूस असा हवा, जो म्हणेल, "काका, थांबा. आधी वाचून बघू."

तो माणूस व्हायला वकिलीची डिग्री लागत नाही. आज संध्याकाळी रूमवर गेलात की फक्त एक करा. गाडीची पॉलिसी काढा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. नाही समजलं तर पप्पांना फोन लावा. बघा, त्यांनीही वाचलेली नसेल. मग दोघं मिळून वाचा!

– बी.ई. (मेकॅनिकल)